‘भाऊजी, हा मध तुम्हाला चालतो’

गेल्या महिन्यात आमच्या वहिनी महाबळेश्वरहून परतल्या, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी आठवणीने जांभळाच्या मधाची बाटली आणली होती. मी गेली अकरा वर्षे मधुमेही आहे आणि माझ्या चहातली साखर घरातल्या सर्वांच्या देखरेखीखाली बंद झालेली आहे, हे त्यांना चांगले ठाऊक आहे. म्हणूनच बाटली हातात देताना त्या म्हणाल्या, “भाऊजी, हा जांभळाचा आहे, हा तुम्हाला चालतो. दुकानदारच सांगत होता, डायबिटीसवाले मुद्दाम मागून नेतात.” हे वाक्य मी नातेवाइकांकडून, सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींकडून आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांकडूनही ऐकले आहे. सांगणाऱ्याच्या मायेविषयी मला शंका नाही. माझा आक्षेप फक्त ‘चालतो’ या क्रियापदाला आहे, कारण मधुमेही माणसाला मध चालतो असे म्हणणे हे साखर चालते असे म्हणण्याइतकेच खरे किंवा खोटे आहे.

आधी बाटलीत काय असते ते पाहू. शंभर ग्रॅम मधात साधारण १७ ग्रॅम पाणी आणि ८० ग्रॅमच्या वर शर्करा असते. त्यात फ्रुक्टोज सुमारे ३८ ग्रॅम, ग्लुकोज सुमारे ३१ ग्रॅम आणि उरलेल्या इतर शर्करा. ज्या जीवनसत्त्वांचे, खनिजांचे आणि अँटिऑक्सिडंटचे इतके कौतुक होते, ते सर्व मिळून मधाचा अगदी किरकोळ हिस्सा असतो. साखरेच्या दाण्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांना जोडलेले असतात, आणि मधमाशीने आपल्या विकरांनी (एन्झाइमांनी) ती जोडी बहुतांशी आधीच फोडून ठेवलेली असते. म्हणजे आपल्या आतड्याने करायचे काम मधमाशी पोळ्यातच उरकते. ‘मध पचायला हलका’ असे आपण म्हणतो ते यामुळेच, पण मधुमेह्याच्या दृष्टीने हा काही गुण नव्हे.

आता चमच्याचा हिशेब. चहाच्या चमच्यात साखर साधारण ४ ग्रॅम मावते, तर त्याच चमच्यात मध सुमारे ७ ग्रॅम बसतो, कारण मध घट्ट आणि जड असतो. साखरेच्या त्या चमच्यातून ४ ग्रॅम कर्बोदके मिळतात, मधाच्या चमच्यातून सहाच्या आसपास. उष्मांकांतही हाच फरक दिसतो, साखरेचे १६ आणि मधाचे २१. चमच्याला चमचा बदलणारा माणूस आपण साखर सोडली अशा समाधानात पूर्वीपेक्षा दीडपट शर्करा घेत असतो. आमच्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक दोन कप चहात मिळून चार चमचे मध घालत आणि साखरेला हात लावत नसल्याचे अभिमानाने सांगत. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर का उतरत नाही, हे त्यांच्या घरी कोणालाच उमगत नव्हते.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे मधाचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो ते सांगणारा निर्देशांक, साखरेपेक्षा कमी असतो. ते पूर्णपणे खोटे नाही. ग्लुकोजला १०० धरले तर साखरेचा निर्देशांक ६५च्या आसपास आणि मधाचा सरासरी ६०च्या आसपास येतो. हा फरक इतका थोडा आहे की त्यावर आहार बेतणे मला शहाणपणाचे वाटत नाही. शिवाय ही सरासरी फसवी आहे, कारण कोणत्या फुलांचा मध आहे त्यानुसार आकडा तिशीपासून ऐंशीच्या वरपर्यंत कुठेही जाऊ शकतो. ज्या मधात फ्रुक्टोजचे प्रमाण जास्त, त्याचा निर्देशांक कमी. पण फ्रुक्टोज ग्लुकोमीटरवर लगेच दिसत नाही, याचा अर्थ ते नाहीसे झाले असा होत नाही. ते मुख्यतः यकृतात जाते, आणि सतत जास्त प्रमाणात गेले तर तिथे चरबी साठवण्यास आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढवण्यास हातभार लावते. आपल्यापैकी कित्येक मधुमेह्यांच्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द आधीच लिहिलेले असतात, त्यामुळे हा मुद्दा आपल्यासाठी किरकोळ नाही.

जांभळाच्या मधाविषयी मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण त्याला आपल्याकडे औषधाचा मान मिळाला आहे. जांभळाच्या बियांचे चूर्ण मधुमेहावर घेण्याची परंपरा जुनी आहे, आणि ‘जांभूळ’ हा शब्द ऐकताच तो सगळा विश्वास आपोआप बाटलीवर चिकटतो. प्रत्यक्षात मधमाशी बी वा फळ गोळा करत नाही. उन्हाळ्यात जांभूळ मोहरते, तेव्हा सातेरी माशी त्या बारीक पांढुरक्या फुलांतला मकरंद आणते, आणि मकरंद म्हणजे मुख्यतः शर्करेचे पाणी. ज्या गुणांसाठी आपण बियांचे चूर्ण खातो, ते मकरंदात उतरावेत असे मानण्यास काही आधार नाही. दुसरे कारण चवीचे आहे. हा मध रंगाने गडद आणि चवीला किंचित कडसर, तुरट असतो, आणि कारले, मेथी, कडुनिंब यांच्या पंगतीत वाढलेल्या आपल्या मनाला कडू म्हणजे साखरेवर उतारा हे समीकरण चटकन पटते. मध म्हणून तो उत्तम आहे, हे मी चाखून सांगतो. महाबळेश्वरच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या पेट्या सांभाळणाऱ्या मधपाळांच्या कष्टाला पैसे मिळावेत, शेजारच्या मांघरला २०२२मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून ओळख मिळाली तशी आणखी गावांना मिळावी, असे मला मनापासून वाटते. फक्त तो विकताना मधुमेहाचे नाव घेऊ नये.

संशोधन काय म्हणते, तर २०२२मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १८ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात मधामुळे उपाशीपोटीची साखर थोडी कमी झाल्याचे दिसले आणि ती बातमी व्हॉट्सअॅपवर वणव्यासारखी पसरली. त्या चाचण्यांतले बहुतेक लोक निरोगी होते, त्यांचा एकूण आहार आधीच बेताचा होता, आणि जे साखर खात नाहीत त्यांनी मध सुरू करावा असे अभ्यासकांनीही म्हटले नव्हते. हे तपशील पुढे पाठवण्याच्या घाईत गळून पडले. उलट प्रत्यक्ष मधुमेह्यांवर इराणमध्ये झालेला आणि २००९मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास आहे. त्यात ४८ रुग्ण होते. आठ आठवडे मध घेणाऱ्यांचे वजन उतरले, पण त्यांची एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, वाढली. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत मधातील शर्करेला साखरेच्याच रांगेत बसवले आहे. तिथे ‘नैसर्गिक’ म्हणून सवलत नाही.

भेसळीचा मुद्दा वेगळाच आहे. डिसेंबर २०२०मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातल्या मधाचे २२ नमुने तपासून घेतल्याचे जाहीर केले. त्यांतले फक्त ५ सर्व चाचण्यांत उतरले. कंपन्यांनी तो निष्कर्ष नाकारला, वाद झाला. पण मधुमेह्याने या वादात फार अडकू नये, कारण शुद्ध मध हीसुद्धा शुद्ध शर्कराच असते.

आयुर्वेदाचा दाखला देणाऱ्यांशी मी आदराने बोलतो, कारण प्रमेहाच्या (ज्या विकारांत आयुर्वेद मधुमेह धरतो त्यांच्या) उपचारांत मध येतो हे खरेच आहे. हळद आणि आवळ्याच्या रसाबरोबर मध देण्याचा योग प्रसिद्ध आहे. मात्र तिथे तो औषधाचे अनुपान म्हणून, म्हणजे औषधाच्या जोडीला, चाटणापुरता येतो. चरकसंहितेत मधाच्या अतिसेवनाने होणारा आम (नीट न पचल्याने होणारा दोष) सर्वांत कष्टसाध्य सांगितला आहे, आणि मध तापवणे किंवा उष्ण पदार्थांबरोबर घेणे निषिद्ध मानले आहे. तेव्हा रोज सकाळी गरम पाण्यात दोन चमचे मध आणि लिंबू घेणाऱ्यांना आधुनिक वैद्यकाचा आधार नाहीच, ज्या शास्त्राचे नाव ते घेतात त्याचाही नाही.

मी स्वतः एक प्रयोग केला. तो एकाच माणसावर आणि एकदाच झालेला आहे, म्हणून त्याला पुरावा म्हणू नये. सकाळी उपाशीपोटी साखर ११९ होती. पाण्यात दोन मोठे चमचे जांभळाचा मध घेतला, दुसरे काही खाल्ले नाही, आणि एका तासाने ग्लुकोमीटरने १९२ दाखवले. कोणाला मध खायचाच असेल तर त्याने डॉक्टरांशी बोलून, दिवसभरातल्या भात-पोळीच्या हिशेबात तो चमचा धरून, एखाद्या गोडाच्या बदल्यात खावा, आणि नंतर मोजून पाहावे. तेवढ्याला माझीही हरकत नाही.

वहिनींची बाटली मी फेकली नाही. मी ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेतो, आणि त्या गोळीने जेवण लांबले की साखर घसरू शकते. गेल्या बुधवारी बँकेत दीड तास मोडला, घरी येईपर्यंत हात थरथरू लागले, घाम फुटला. मोजले तर ६१. एक मोठा चमचा मध पाण्यात घालून घेतला, पंधरा मिनिटांनी ९४ झाली, मग जेवायला बसलो. (शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र मध किंवा साखरपाणी कधीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते.) जो पदार्थ साखर इतक्या तत्परतेने वर आणतो म्हणून मी आता औषधांच्या खणात ठेवला आहे, तोच साखर उतरवण्यासाठी रोज कसा घ्यायचा, हे मी रात्री फोनवर वहिनींना समजावून सांगू लागलो. त्यांनी ६१ पासून ९४ पर्यंतची हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “बघा, मी म्हटलं नव्हतं, तुम्हाला चालतो म्हणून!”