लिबियाच्या ठरावावर भारताने 'हो' म्हटले नव्हते

'गद्दाफीला हटवायला संयुक्त राष्ट्रांनी परवानगी दिली आणि भारतानेही बाजूने मत दिले' हा लिबियाच्या तेव्हाच्या हुकूमशहाबद्दलचा मजकूर पुन्हा फिरतो आहे. यातली दोन्ही विधाने चुकीची आहेत.

घोळ होतो तो संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या दोन ठरावांमुळे. २६ फेब्रुवारी २०११ चा ठराव क्रमांक १९७० एकमताने झाला. त्यात शस्त्रबंदी होती आणि लिबियाचे प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवले होते. याच्या बाजूने भारताचे मत होते. बळाचा वापर आला तो १७ मार्चच्या ठराव क्रमांक १९७३ मध्ये. त्याच्या बाजूने १० मते पडली, विरोधात एकही नाही. भारत, चीन, रशिया, ब्राझील आणि जर्मनी तटस्थ राहिले. (रशिया-चीनकडे नकाराधिकार होता, तो त्यांनी वापरला नाही, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.)

ठरावात 'सर्व आवश्यक उपाय' हे शब्द आहेत, पण ते नागरिकांच्या संरक्षणासाठी. परकी सैन्याचा ताबा त्यात स्पष्टपणे वगळलेला आहे, सत्तापालटाचा तर उल्लेखही नाही. तरी 'नाटो'चे हल्ले गद्दाफी २० ऑक्टोबरला मारला जाईपर्यंत चालूच राहिले. ही मर्यादा ओलांडली गेली, असे माझे मत. पण तो वाद वेगळा. भारताच्या मताची नोंद त्याने बदलत नाही.