दोन धन्यांची चाकरी? जमते की!

देवाची आणि धनाची चाकरी एकदम जमत नाही असं येशूनं सांगितलंय, बायबलात मत्तय ६:२४ उघडून बघा. पण टेन्शन घेऊ नका, तेव्हा ऑटो डेबिट नव्हतं. आपल्या चर्चच्या मंडळीत कितीतरी जण दोन्ही ड्युट्या करतात, एक रविवारी दीड तास आणि दुसरी उरलेला आठवडा, आणि दोन्ही धनी खूश दिसतात. निदान एक तरी.

पहिली अडचण उंटाची. श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं, हे वाक्य फ्लॅटचं बुकिंग केल्यावर जरा टोचतं. यावर रेडीमेड उपाय आहे: जेरुसलेमात म्हणे सुईचं नाक नावाचा एक बुटका दरवाजा होता आणि उंट सामान उतरवून, गुडघे टेकून त्यातून आत जायचा. असा दरवाजा होता याचा पुरावा अजून कुणाला सापडलेला नाही, पण ऐकायला किती बरं वाटतं! गुडघे तेवढे टेकायचे, पलीकडे गेलं की सामान परत लादायचं. आता एखाद्या आगाऊ पोरानं विचारलं की साधा दरवाजाच होता तर शिष्य एवढे हबकून "मग तारण तरी कुणाचं होणार" असं का म्हणाले, तर त्याला क्वायरमध्ये घ्या, बिझी राहील.

दशमांश ग्रॉसवर द्यायचा की नेटवर, हा खरा आध्यात्मिक प्रश्न. ईएमआय, एसआयपी, कारचा इन्शुरन्स सगळं वजा करा आणि उरेल त्याचा दहावा भाग द्या, तोही सुट्टे असतील तर. दिल्यावर मात्र मलाखी ३:१० पाठ म्हणायचं, दशमांश आणा, मी आकाशकपाटं उघडून आशीर्वाद ओततो असं देवानं तिथं म्हटलंय म्हणून, म्हणजे देवाला कळतं की ही इन्व्हेस्टमेंट आहे. परूशी, म्हणजे तेव्हाचे काटेकोर नियम पाळणारे यहुदी लोक, पुदिना आणि जिऱ्याचासुद्धा दशमांश द्यायचे पण न्याय, दया विसरायचे म्हणून येशू त्यांच्यावर चिडला होता. आपल्याला ती भीती नाही, आपण जिरं मोजतच नाही. कामवाल्या मावशींनी पगार वाढवून मागितला तर "प्रार्थना करू" म्हणा, मजुरांची मजुरी अडवणाऱ्या श्रीमंतांना झापणारा याकोबाच्या पत्रातला पाचवा अध्याय तसाही फारसा कुणी वाचत नाही.

मोठ्या लोकांकडून शिका. अमेरिकेतले टीव्हीवरचे धर्मोपदेशक ओरल रॉबर्ट्स यांनी १९८७ मध्ये जाहीर केलं, मार्चअखेर ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला वर बोलावून घेईल. पैसे जमले, त्यातले १३ लाख तर फ्लोरिडातल्या कुत्र्यांच्या शर्यतीच्या एका मालकानं दिले, आणि रॉबर्ट्स २००९ पर्यंत जगले. वसुली डिपार्टमेंटला एवढी आयडिया सुचली असती का?

तुम्हीच उपदेश करणार असाल तर गरीब विधवेनं होत्या नव्हत्या त्या दोन टोल्या, म्हणजे दोन चिल्लर नाणी, दानात टाकल्या ती गोष्ट हुकमी. फक्त मार्क १२ मध्ये ४१ व्या वचनापासून वाचा, ४० वं नको, कारण तिथं विधवांची घरं खाऊन टाकणाऱ्या आणि वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांचा उल्लेख आहे, उगाच लोक समोरच्या नव्या गाडीकडे बघायला लागतात.

चर्चच्या हार्वेस्ट फेस्टिव्हलच्या लिलावात भोपळा पाच हजाराला घ्या, पण माइकवर नाव नीट घेतलं जातंय ना बघा. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात, ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायला मनाई कुठंय? अंगठा तर एकच लागतो.

आणि हो, संडे स्कूलमध्ये जक्कय या श्रीमंत जकातदाराची गोष्ट शिकवताना सांभाळून. त्याला उंबराच्या झाडावर चढवा, खाली उतरवा, येशू त्याच्या घरी गेला म्हणा आणि बिस्किटं वाटून पोरांना सोडा. पुढं तो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो म्हणतो, तेवढं सांगितलंत की पोरं घरी जाऊन जेवायच्या टेबलावर विचारतात, "पप्पा, आपण कुणाकुणाचं परत करायचंय?"