‘फुकटचं अँटिव्हायरस नावालाच’ म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या एका मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: विंडोजबरोबर येणारं डिफेंडर नावालाच असतं, ते बंद करा; महागड्या अँटिव्हायरसचं ‘फुल व्हर्जन’ खालच्या लिंकवरून फुकट घ्या; शक्यतो दोन अँटिव्हायरस ठेवा; पेनड्राइव्हमधल्या फायली गायब झाल्या तर तो फॉर्मॅट करा. चारही सल्ले चुकीचे आहेत, आणि दुसरा तर घातक आहे.

‘डिफेंडर नावालाच असतं.’ विंडोज १० आणि ११ मधलं डिफेंडर हे पूर्ण अँटिव्हायरस आहे. फाइल उघडताक्षणी ते तपासतं, नव्या व्हायरसची माहिती इंटरनेटवरून घेतं, संशयास्पद फाइल बाजूला कोंडून ठेवतं. घरातल्या कॉम्प्युटरवर ते निकामी ठरतं ते बहुधा कुणीतरी बंद करून ठेवल्यामुळे. स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘मॅनेज सेटिंग्ज’वर जा. ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’, ‘क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन’ आणि ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ ही तिन्ही बटणं चालू हवीत. त्याच पानावर अगदी खाली ‘एक्सक्लूजन्स’ असतं. तिथे नक्की बघा. या यादीतल्या जागा डिफेंडर तपासतच नाही, म्हणून घुसलेले प्रोग्राम कधी अख्खा सी ड्राइव्ह त्यात टाकून ठेवतात. वर सगळं हिरवं दिसतं आणि आत राखण शून्य. तुम्ही स्वतः न टाकलेली प्रत्येक नोंद काढा.

‘फुल व्हर्जन फुकट घ्या.’ अशा लिंकवर मिळतो तो क्रॅक, म्हणजे पैसे न भरता सॉफ्टवेअर चालू करून देणारी चोरटी फाइल. तो चालवायच्या आधी ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते आणि आपण ती पाळतो. मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागितली जाते, तीही देतो. दार उघडून किल्लीही हातात दिली, तर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरायला आणखी काय लागतं? विंडोज किंवा ऑफिस अ‍ॅक्टिव्हेट करून देणाऱ्या फायलींचंही हेच. अधिकृतपणे फुकट असलेलं डिफेंडर आणि चोरून फुकट केलेलं अँटिव्हायरस यांना एकाच मापाने मोजू नका.

‘दोन अँटिव्हायरस ठेवा.’ दोन्ही एकच फाइल उघडताना मध्ये पडतात, एकमेकांच्या फायलींवर संशय घेतात, आणि चार जीबी रॅमचा कॉम्प्युटर जागीच बसतो. दुसरं अँटिव्हायरस टाकलं की डिफेंडर आपणहून मागे सरतं. नव्या लॅपटॉपबरोबर आलेल्या ट्रायल अँटिव्हायरसची मुदत संपली असेल, तर ते ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’मधून काढा, रीस्टार्ट करा आणि डिफेंडर परत चालू झालं का ते पाहा. दुसरं मत हवंच असेल तर मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती महिन्यातून एकदा चालवा. सुरुवातीची १४ दिवसांची ट्रायल संपली की ती फक्त सांगितल्यावर तपासते, त्यामुळे भांडण होत नाही. मायक्रोसॉफ्टचं सेफ्टी स्कॅनरही चालेल, पण ते डाउनलोड केल्यापासून १० दिवसच चालतं. दर वेळी नवं उतरवा.

आता पेनड्राइव्ह. आपल्याकडे तो ई-सेवा केंद्र, पत्रिकेचं डीटीपी, फोटो स्टुडिओ असा हातोहात फिरतो आणि ‘शॉर्टकट व्हायरस’ घेऊन घरी येतो. हा व्हायरस फायली सहसा पुसत नाही. तो त्या लपवतो आणि फोल्डरसारखा दिसणारा शॉर्टकट समोर ठेवतो. त्यावर क्लिक केलं की व्हायरसही चालतो आणि खरा फोल्डरही उघडतो, म्हणून काही बिघडल्याचं कळतच नाही. अशा वेळी फॉर्मॅट केला तर शाबूत असलेल्या फायली आपणच घालवतो. वर कॉम्प्युटरमध्ये व्हायरस तसाच असल्याने पुढचा पेनड्राइव्हही बाधतो. म्हणून आधी कॉम्प्युटर साफ करा: ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मधल्या ‘स्कॅन ऑप्शन्स’मधला ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. चालू कामं सेव्ह करा, कारण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. साधारण १५ मिनिटं लागतात. मग पेनड्राइव्ह लावा, त्यावर राइट-क्लिक करून डिफेंडरने तपासा. फुल स्कॅनच्या भरवशावर राहू नका, मूळ सेटिंगमध्ये त्यात पेनड्राइव्ह धरला जात नाही. शेवटी ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये लपलेल्या फायली दाखवा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची टिक काढा. नुसतं ‘हिडन आयटेम्स’ पुरत नाही, कारण या फायलींवर सिस्टिमचा शिक्काही मारलेला असतो. फायली बऱ्याचदा बिननावाच्या फोल्डरमध्ये सापडतात. तुमच्या ओळखीच्या फायली तेवढ्या कॉपी करून घ्या, शॉर्टकटला हात लावू नका, आणि मग खुशाल फॉर्मॅट करा. पुढच्या वेळी उताऱ्याची पीडीएफ केंद्राला ईमेलने पाठवली तर पेनड्राइव्ह न्यायची गरजच उरत नाही.

मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे नियमित अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अँटिव्हायरस, फुकट असो वा विकतचं, विंडोजमधली भोकं बुजवत नाही. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस मे २०१७ मध्ये पसरला, त्याला अडवणारं अपडेट त्याच वर्षी मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं ते सापडले. कॉम्प्युटर विंडोज ११ पेलत असेल तर तिकडे जा.

दुसरी गोष्ट बॅकअपची. खंडणीखोर व्हायरसने केळीच्या गाड्यांचा हिशोब एकदा कुलूपबंद केला, की तो अँटिव्हायरस काढून टाकल्याने उघडत नाही. आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी घ्या आणि लगेच वायर काढा. जोडून ठेवलेली डिस्कही त्याच झपाट्यात सापडते.