‘फायनल लागत नाही’ म्हणणाऱ्यांनो, मोजणीची क-प्रत दाखवा

माझा आत्येभाऊ शेतकरी माणूस. कापसाचे पैसे हातात आले आणि त्याला अमळनेरकडे प्लॉट घ्यायची हौस आली. परवा रात्री साडेदहाला त्याने भाऊबंदांच्या ग्रुपवरचा एक मेसेज मला पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘दादा, आते फायनल लागस नही म्हने. दी टाकू का पैसा?’ मी गेली कित्येक वर्षं तालुक्याला दस्त लिहितो. हाच मेसेज महिनाभरात पाचव्यांदा माझ्याकडे आला होता. आधीचे चार मी सोडून दिले. हा घरातून आला म्हणून लिहितोय.

मेसेजचं म्हणणं असं: एनए (शेतजमीन बिनशेती करण्याची परवानगी) रद्द झालं, तुकडेबंदी (जमिनीचे छोटे तुकडे विकायला असलेली बंदी) उठली, हायकोर्टाने गुंठ्याची रजिस्ट्री मोकळी केली. म्हणून टेंटेटिव्ह, म्हणजे तात्पुरता लेआउट (प्लॉट पाडायचा नकाशा) मंजूर असला की प्लॉट बिनधास्त घ्या. फायनल, म्हणजे लेआउटची अंतिम मंजुरी, हा कार्यालयातला सोपस्कार आहे, तो वर्षभरात आपोआप होतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 निघाला की मालकी पक्की. आणि ओपन स्पेस मूळ मालकाचीच असल्यामुळे तीही पुढे स्वस्तात मिळेल.

खरा घात टेंटेटिव्हच्या वाक्यात आहे, म्हणून आधी तेच घेतो.

मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर डिसेंबर 2020 पासून राज्यभर एकच नियमावली आहे. सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्हे तिच्यात येतात. लेआउट दोन टप्प्यांत मंजूर होतो, हे तिच्यात स्वच्छ लिहिलंय. पहिली मंजुरी नकाशाला, तीही जागेवर आखणी करण्यापुरती. मग मालकाने त्या नकाशाप्रमाणे जमिनीवर खुणा रोवायच्या, भूमि अभिलेखकडून मोजणी करून घ्यायची आणि प्रत्येक प्लॉट, रस्ता, ओपन स्पेस प्रत्यक्षात किती भरली त्याचा प्रमाणित नकाशा सादर करायचा. तो पाहून अंतिम मंजुरी मिळते. त्यानंतर कमी-जास्त पत्रक (मोजणीप्रमाणे क्षेत्राची नोंद बदलणारा कागद) होतं आणि तेव्हा कुठे प्लॉटचा स्वतंत्र उतारा निघतो.

म्हणजे टेंटेटिव्हवर तुम्ही घेता तो कागदावरचा एक आकडा असतो. ती जागा शिवारात नेमकी कुठे बसते, हे तोवर कुणी मोजलेलंच नसतं. आपल्या काळ्या जमिनीत बांध जागेवर राहतो का? दर पेरणीला वखर दोन बोटं पुढे सरकतं आणि वीस वर्षांत सातबाऱ्यावरचं क्षेत्र नि जागेवरचं क्षेत्र यांची गाठ पडत नाही. माझ्याकडे एक मास्तर आले होते. टेंटेटिव्ह नकाशा पाहून त्यांनी नाल्याकडचा कोपऱ्याचा प्लॉट घेतला होता. मोजणी आली तेव्हा ती बाजू भरलीच नाही, नकाशा सुधारावा लागला आणि मास्तरांच्या प्लॉटवरून रस्ता गेला. दस्त खरा, सही खरी, मुद्रांक शुल्क भरलेलं. प्लॉट तेवढा नाही. विकणारा म्हणाला, दुसरा देतो. तो अजून देतोच आहे.

‘आपोआप’ हा शब्द कुठून आला तेही मला ठाऊक आहे. नगररचना अधिनियमाच्या कलम 45 मध्ये 60 दिवसांची तरतूद आहे. प्राधिकरणाने तेवढ्या दिवसांत अर्जावर निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. पण प्रस्ताव नियमात काटेकोर बसत असेल तरच. शिवाय त्यासाठी आधी अर्ज तर हवा! मोजणी केली नाही, प्रस्ताव टाकला नाही, तर 60 दिवस मोजायचे कधीपासून? लग्न ठरलं नाही आणि हळद वाटायला घेतली, त्यातली गत.

मग विकणाऱ्याला फायनल का नको असतं? हिशोब करा. दोन एकर म्हणजे 80 गुंठे. जमीन 4000 चौरस मीटर, म्हणजे साधारण एकरभर किंवा जास्त असली की 10 टक्के ओपन स्पेस सोडावी लागते. 8 गुंठे गेले. आतला रस्ता 9 मीटरचा धरला तर शंभर मीटर लांबीला 900 चौरस मीटर, म्हणजे जवळपास 9 गुंठे. असे दोन रस्ते काढले की आणखी 18. शिल्लक उरले 54. शिवाय रस्ते, गटारी, पाणी यांचा खर्च अंगावर. त्यापेक्षा अर्धवट नकाशावर प्लॉट विकायचे, पैसे घेऊन मोकळं व्हायचं, आणि गटारीसाठी प्लॉटवाल्यांनी दहा वर्षं नगरपालिकेत खेटे घालायचे!

ओपन स्पेस स्वस्तात मिळेल हे वाचून तर मी कपाळाला हात लावला. ती प्लॉटवाल्यांच्या सामाईक वापरासाठी ठेवलेली जागा आहे आणि मालकाला तशी हमी लिहून द्यावी लागते. ती विकत घेणारा शेजाऱ्यांच्या पोरांचं मैदान विकत घेतोय.

आता थोडं खरं आहे ते कबूल करतो, नाइलाजाने. विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत रहिवास विभागात असलेल्या जमिनीला वेगळा एनए आदेश लागत नाही, हे बरोबर. पण एनए हा जमीन महसूल संहितेचा विषय आणि लेआउट नगररचना अधिनियमाचा. दोन्ही कायदे 1966 चे, पण एकाची सूट दुसऱ्याला लागत नाही. तुकडेबंदीचंही तसंच. 2025 मध्ये सरकारने दिलासा दिला तो 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळात होऊन गेलेल्या व्यवहारांना, तेही ठरावीक क्षेत्रांत. उद्या होणाऱ्या व्यवहाराला त्याचा काय उपयोग?

हायकोर्टाचं म्हणाल तर लेआउट मंजूर नसलेल्या तुकड्यांचे दस्त नोंदवू नका, असं सांगणारं 12 जुलै 2021 चं नोंदणी विभागाचं परिपत्रक औरंगाबाद खंडपीठाने 5 मे 2022 ला रद्द केलं, हे खरं. प्रश्न दस्त नोंदवायला नकार देता येतो का, एवढाच होता. लेआउट मंजूर झाला असं कोर्टाने कुठेही म्हटलेलं नाही. दस्त नोंदला जाणं म्हणजे लिहून देणाऱ्याने लिहून दिलं, याची सरकारदरबारी नोंद. ‘गट नंबर पैकी एक गुंठा’ असे दस्त पूर्वी मीही लिहिलेत. अभिमान नाही. पक्षकाराला समजावलं तर तो शेजारच्या टेबलावर जातो.

नमुना 8 हा ग्रामपंचायतीचा कर आकारणीचा तक्ता आहे. घरपट्टी भरल्याने मालकी येत नाही, एवढं बोलून पुढे जातो.

मेसेजमध्ये एक गोष्ट सोयीने गाळली आहे: रेरा, म्हणजे घरं-प्लॉट विकणाऱ्यांवर लगाम ठेवणारा कायदा. 2016 च्या या कायद्यात जमिनीचे प्लॉट पाडून विकणंही येतं. 500 चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन असेल आणि आठपेक्षा जास्त प्लॉट असतील तर महारेराची (हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी घेतल्याशिवाय जाहिरात करता येत नाही, बयाणाही घेता येत नाही. नियम मोडला तर प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड. त्या मेसेजच्या तळाला एका साइटचं रंगीत चित्र होतं, 46 प्लॉट, आणि एजंटाचा मोबाइल नंबर. महारेराचा नंबर मी चित्र मोठं करून शोधला. नव्हता.

आत्येभावाला फोन केला. कळलं की 51 हजार आधीच दिलेत, पावती साध्या वहीच्या पानावर. म्हटलं, एजंटाकडे तीन गोष्टी माग: अंतिम मंजुरीचं पत्र, मोजणीची क-प्रत (मोजणीनंतर भूमि अभिलेखकडून मिळते ती नकाशाची प्रत) आणि महारेराचा नंबर. त्याने तिथल्या तिथे मागितल्या. एजंट म्हणाला, ‘भाऊ, तुम्ही फार खोलात जातात.’ नंतर त्याने फोन उचलला नाही. रात्री मात्र ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा आला. या वेळी शेवटी एक ओळ वाढवलेली होती: ‘फक्त 4 प्लॉट शिल्लक.’