खाडिलकरांची वाटणी

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर म्हटले की बहुतेकांना 'मानापमान' आणि 'स्वयंवर' या नाटकांतील पदे आठवतात. 'केसरी'त टिळकांच्या खांद्याला खांदा लावून लिहिणारे खाडिलकर जणू कोणी दुसरेच गृहस्थ होते. ही वाटणी मला मुळातच मान्य नाही.

१९०७ साली रंगभूमीवर आलेले 'कीचकवध' पाहा. विराटाच्या दरबारात कीचकाकडून विटंबना सोसणारी सैरंध्री (अज्ञातवासातील द्रौपदी), सबुरीचा सल्ला देणारा कंकभट्ट (युधिष्ठिर) आणि मुठी आवळून उभा असलेला बल्लव (भीम), ही महाभारतातली कथा प्रेक्षकांना लहानपणापासून पाठ होती. व्हाइसरॉय कर्झनने केलेल्या बंगालच्या फाळणीची, म्हणजे वंगभंगाची, जखम ताजी होती. नाटकात कर्झनचे नाव कोठेही नाही, तरी कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल हे थिएटरातल्या प्रत्येकाला कळते, असे लंडनच्या 'टाइम्स'चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनीच लिहून ठेवले. (टीकाकाराने नाटकाचा मर्म इतका अचूक सांगावा, हे भाग्य थोड्याच नाटककारांच्या वाट्याला येते.) अग्रलेखांवर राजद्रोहाचा खटला भरता येत होता आणि १९०८ साली त्यापायी टिळकांना सहा वर्षांची शिक्षाही झाली, पण महाभारतावर खटला कसा भरणार? अखेर १८७६च्या नाट्यप्रयोग कायद्याचा आधार घेऊन सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. त्यातील पात्रे माणसांपेक्षा राजकीय पक्षच अधिक वाटतात, हा आक्षेप मला पटतो. मात्र पक्षांची बाजू मांडणे हेच संपादकाचे रोजचे काम होते.

बंदीनंतर, १९११ साली, 'मानापमान' आले. सरकारला भिऊन खाडिलकर संगीताच्या आश्रयाला गेले, असे कोणी म्हणाले तर मी ते मानणार नाही. याच नाटकाचा 'संयुक्त' प्रयोग बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी १९२१ साली मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी केला. पुढे १९२३ साली खाडिलकरांनी 'नवाकाळ' हे दैनिक काढले आणि १९२९ मध्ये, वयाच्या छप्पनाव्या वर्षी, त्यातील लेखनाबद्दल राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगवास पत्करला.

नाट्यसंगीताच्या मैफलींत खाडिलकरांची ओळख करून देताना निवेदक एवढे जरी सांगतील, तरी पुढची पदे ऐकायला मी अधिक आनंदाने बसेन.