घराच्या भिंतीत ‘कॅट 8’च हवी का? एका संदेशाचा प्रतिवाद

जुळे सोलापूर, होटगी रोड या भागांत घर बांधणाऱ्यांच्या मोबाईलवर एक संदेश फिरत आहे. कॅट 5ई आणि कॅट 6 या नेटवर्क केबल कालबाह्य झाल्या आहेत, केबलचा आकडा जितका मोठा तितका इंटरनेटचा वेग जास्त, म्हणून भिंतीत आताच कॅट 7 किंवा कॅट 8 टाका आणि पुढची 25 वर्षे निश्चिंत राहा, असे त्यात ठासून सांगितले आहे. यातील एकही विधान घरगुती वापराला लागू पडत नाही.

इंटरनेटचा वेग तुम्ही घेतलेल्या प्लॅनवर आणि राउटरवर ठरतो. 200 एमबीपीएसचे कनेक्शन कॅट 5ईवर जेवढे धावते तेवढेच कॅट 8वर धावेल. कॅट 5ई 100 मीटरपर्यंत एक गिगाबिट, म्हणजे 1000 एमबीपीएस, वेग वाहून नेते आणि 2016 मधील मानकानुसार तेवढ्याच अंतरात अडीच गिगाबिटही, त्यामुळे ती असलेल्या घरांनी भिंती फोडण्याचे कारण नाही.

कॅट 8 ही डेटा सेंटरमधील 25 आणि 40 गिगाबिटच्या जोडण्यांसाठी, तीही 30 मीटरच्या मर्यादेत, बनवलेली केबल आहे. ती जाड आणि ताठ असल्यामुळे पाइपच्या वळणात सहज वळत नाही, आणि तिच्या शील्डचा, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या आवरणाचा, पूर्ण लाभ योग्य जॅक व नीट अर्थिंग असल्याशिवाय मिळत नाही. कॅट 7ला तर टीआयए या अमेरिकी मानक संस्थेने मान्यताच दिलेली नाही.

भविष्याची काळजी मात्र रास्त आहे. दहा गिगाबिट कॅट 6वर अनुकूल स्थितीत 55 मीटरपर्यंत चालते, कॅट 6एवर पूर्ण 100 मीटर. तळमजल्यावरून गच्चीपर्यंतचे अंतर बहुतेक बंगल्यांत पहिल्याच मर्यादेत बसते. त्यापुढच्या 25 वर्षांची खात्री कोणतीही केबल देत नाही, ती पाइप देतो. प्लास्टरखाली थेट पुरलेली केबल, मग ती कितीही महागडी असो, बदलायची म्हटली की छिन्नी-हातोडा आलाच. उलट विजेच्या वायरिंगपासून वेगळा, एक माप मोठा आणि ओढदोरी सोडलेला पाइप असेल, तर उद्या फायबरसुद्धा त्यातूनच ओढता येईल. कॅट 8वर जाणारे पैसे स्लॅब भरण्यापूर्वी अशा पाइपांवर खर्च करावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

खरा धोका या संदेशात आलेलाच नाही. ‘कॅट 6’ असे छापून विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार असते, जी मानकात बसत नाही. तिचा रोध जास्त असल्याने केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्याला लांबवर व्होल्टेज कमी पडतो आणि तार अधिक तापते. चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरी उन्हाळ्यात, गच्चीवरच्या पाइपात, हे परवडणारे नाही. शिवाय जॅक बसवताना ती लवकर तुटते. खरेदीपूर्वी तारेचे टोक ब्लेडने खरवडावे: आत चंदेरी पांढरा रंग दिसला, तर बंडल परत करावे. बिलावरही ‘शुद्ध तांबे’ असे लिहून घ्यावे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील यंत्रमाग शेडचा हिशोब निराळा आहे. तेथे कार्यालयापासून शेवटच्या कॅमेऱ्यापर्यंत 100 मीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर केबलची श्रेणी वाढवून उपयोग नाही. मधला टप्पा फायबरचाच टाकावा, कारण मोटारींच्या विद्युत गोंगाटाचाही त्यावर परिणाम होत नाही.