थकबाकीदाराचं पाणी तोडू नका, वसुली दाखला घ्या

सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: "मेंटेनन्स थकवणाऱ्याचं सोसायटी काहीच वाकडं करू शकत नाही. दिवाणी कोर्टात जा आणि वीस वर्षं घालवा. त्यापेक्षा सरळ पाणी तोडा." आमच्या सोसायटीचा खजिनदार म्हणून मी ही वसुली केली आहे. वरचा सल्ला चुकीचा आहे, आणि शेवटचं वाक्य तर घातक आहे.

आधी दिवाणी कोर्टाचं. महाराष्ट्रात गृहनिर्माण सहकारी संस्थेला थकबाकीसाठी तिथे जावं लागत नाही. 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमात पूर्वी यासाठी कलम 101 होतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर आपल्यासाठी कलम 154ब-29 आहे. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, ते चौकशी करून वसुली दाखला देतात. खरी मेख कागदांत आहे. खातेउतारा, बिलं, नोटिसांच्या पोचपावत्या, समितीचा ठराव, सगळं जुळलं पाहिजे. आमचा पहिला अर्ज अडला, कारण आधीच्या समितीने व्याजावर व्याज लावलं होतं. 2014 च्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, व्याज सरळ आहे, वर्षाला जास्तीत जास्त 21 टक्के, आणि तो दर सर्वसाधारण सभेने ठरवावा लागतो. सगळा हिशेब नव्याने केला, तेव्हा काम पुढे सरकलं.

"काहीच वाकडं करू शकत नाही"? हा दाखला थकबाकीचा निर्णायक पुरावा असतो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. पुढे सहकारी संस्था नियमांतल्या नियम 107 प्रमाणे मागणी नोटीस, जप्ती आणि शेवटी लिलाव. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षणाला, म्हणजे वरच्या पातळीवर फेरतपासणीला, जायचं तर थकबाकीदाराला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. नुसतं लांबवण्यासाठी जाणारे बरेचसे इथेच थांबतात. वेळ लागतो, हे मान्य. जप्तीच्या टप्प्यावर तर पाठपुरावा करून जीव मेटाकुटीला येतो. पण म्हणून वीस वर्षं?

पाणी तोडण्याचा अधिकार उपविधी समितीला कुठेही देत नाहीत. त्या घरात म्हातारी माणसं असतात, तान्ही मुलं असतात. शिवाय काल ज्याच्याकडे उत्तर नव्हतं, तोच आज पोलिसांत तक्रारदार होतो.

उलट बाजूचंही एक ऐकतो: "छत गळतंय, म्हणून भरत नाही." गळतीची तक्रार खरी असेल तर समितीला कलम 91 खाली सहकार न्यायालयात जरूर खेचा. पण बिल भरून. कारण लिफ्टचं वीजबिल आणि वॉचमनचा पगार तुमच्या वाट्यासाठी थांबत नाही. तुमचा वाटा चौथ्या मजल्यावरच्या पेन्शनर आजी भरत असतात.